चौकोनताईंचा ओव्हन आणि मधली भिंत

पाण्याच्या टाकीसमोरच्या इमारतीत चौकोनताई राहतात. हे नाव लोकांनी त्यांना त्यांच्या पावावरून दिलं. झाकणाच्या साच्यात भाजलेला तो पाव चारही बाजूंनी सारखा, कडा ओळंबा लावून घेतल्यासारख्या. पण मला विचाराल तर ते नाव स्वभावालाही शोभतं. गोलगोल बोलणं बाईंना जमत नाही, आणि कुणाच्या दारात जाऊन नमतं घेणं तर त्याहून नाही.

नवरा गेला तेव्हा त्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सँडविच करत होत्या. करता करता त्यांच्या लक्षात आलं, की बाहेरून येणारा पाव म्हणजे निव्वळ कापूस. लोणी लावलं की फाटतो, काकडी ठेवली की भिजून रडतो. मग घरी खटपट सुरू झाली. सुरुवातीला बरेच दिवस सासूबाईंनी दगड खाल्ले, शब्द त्यांचाच. सुनेने मला दातांच्या डॉक्टरकडे पाठवायचा विडा उचललाय, असं त्या जिन्यात भेटेल त्याला सांगत. नंतर बंद पडलेल्या एका हॉटेलातून जुना ओव्हन आला आणि त्याच्यासोबत तीन मजली बशांचा स्टँड, चिमटे, लोण्याच्या बोथट सुऱ्या. सासूबाईंनी तो स्टँड असा घासला की त्यात बघून वेणी घालावी. हळूहळू लोकांच्या दुपारच्या चहाला सँडविचं पुरवायची कामं येऊ लागली. आज ते घर ओव्हनवर चालतं. ओव्हन गेला तर चूल गेली, इतकं सरळ.

आणि तोच ओव्हन बंद करा, अशी तक्रार शेजारच्या पंपवाल्याने सोसायटीकडे केली. हा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. हात मोठे, बोलणं थोडं. उपद्रव होतो, एवढंच तो म्हणाला. कसला उपद्रव ते त्याने सांगितलं नाही, ताईंनी विचारलं नाही. जिन्यातल्या नळावरून दोघांचं कधीतरी वाजलं होतं. तेव्हापासून दारं शेजारी, तोंडं विरुद्ध. वासावर जळतोय मेला, असा ताईंनी निकाल लावून टाकला होता, आणि खोटं कशाला बोलू, मीही त्यावर शिक्का मारला होता.

सेक्रेटरी प्रत्यक्ष बघायला येणार आणि ओव्हनची वीज तोडायची की ठेवायची ते तिथेच ठरवणार, असं झालं. ताईंनी मला साक्षीला बोलावलं. चार बायका जमवून आणू का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, भांडायला माझं तोंड आहे, तू फक्त डोळे घेऊन ये.

दिवस नेमका वाईट निघाला. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या बाईंचा निरोपाचा चहा होता. एवढं मोठं काम ताईंना पहिल्यांदाच मिळालं होतं. सँडविचचा पाव आदल्या दिवशीच भाजावा लागतो. ताजा पाव सुरीखाली चिरडतो. त्यामुळे सेक्रेटरी पंपवाल्याला घेऊन दारात उभा राहिला तेव्हा साचे ओव्हनमध्ये होते.

"उघडा, आत बघू द्या," सेक्रेटरी म्हणाला.

"आत्ता नाही उघडणार."

मधेच उघडलं तर पाव बसतो, भाजून होईपर्यंत थांबा, असं त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, लपवण्यासारखं काही असेल तर आत्ताच सांगा. मी जिभेवर आलेलं गिळलं. तेवढ्यात सासूबाईंनी चहा आणला, आणि स्टँडवर कालच्या पावाची काकडीची सँडविचं, कडा कापलेली, पत्त्यांसारखी पातळ. सेक्रेटरीने दोन उचलली आणि विचारलं, ही लाच समजायची का.

"लाच द्यायची असती तर कडा ठेवल्या असत्या," सासूबाई म्हणाल्या. "वजन तरी भरलं असतं."

पंपवाल्याने कशाला हात लावला नाही. तो उंबऱ्यातच उभा होता. थोड्या वेळाने म्हणाला, "ओव्हन काय बघताय? माझ्या घरी या. बाईंनाही आणा."

मग ताईंनी पदराला हात पुसले आणि निघाल्या.

ओव्हन ज्या भिंतीला टेकला होता तिच्या पलीकडे चिंचोळी खोली होती. भिंतीला लागूनच पंपवाल्याची आई अंथरुणाला खिळलेली. पलंग दुसरीकडे सरकवला तर दार उघडत नाही. त्याने भिंतीवर ओला टॉवेल टांगला होता, तो वाळून पुठ्ठ्यासारखा झाला होता. म्हातारी घामाने थबथबलेली, तोंड पलीकडे करून पडली होती. ताईंनी टॉवेल बाजूला करून भिंतीला तळवा लावला आणि चटकन मागे घेतला.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलंत का कधी?" तो म्हणाला. "सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, आईचं भांडवल करतो."

म्हणाल्या असत्या. मीही म्हणाले असते.

ताई तडक घरी आल्या आणि ओव्हनचं बटण बंद केलं. सेक्रेटरी म्हणाला, एवढी खेप होऊ द्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, उद्याच्या कामाचं काय म्हणून. ताईंनी एकेक साचा बाहेर काढून झाकण उघडलं. पाव पांढरेफटक, मधोमध खचलेले. ते त्यांनी बाजूला सारले आणि नवं पीठ मळायला घेतलं.

ओव्हन आता खिडकीकडे न्यायचा होता. पण तिथे पाव कापायचा ओटा होता, भिंतीत ठोकलेला.

"मग कापायचं कुठे, माझ्या डोक्यावर?" सासूबाईंनी विचारलं.

"जेवायच्या टेबलावर."

"आणि जेवायचं?"

"मांडीवर."

पंपवाला गेला आणि हत्यारांची पेटी घेऊन आला. ओटा त्याने उखडला, वायर लांबवली. ओव्हन हात लावण्याइतका निवल्यावर एका बाजूने त्याने धरला, दुसऱ्या बाजूने ताईंनी आणि मी. सेक्रेटरीला सासूबाईंनी खुर्चीतून उठवलं, कारण खुर्ची वाटेत होती. तक्रार मागे घेता का, असं त्याने पंपवाल्याला विचारलं.

"भिंत सांगेल," तो म्हणाला.

पीठ फुगलं, साचे भरले, झाकणं लागली. ताईंनी ओव्हन सुरू केला आणि पंपवाला आपल्या घरी जाऊन भिंतीला हात लावून बसला. आम्ही इकडे. सेक्रेटरी चहाचा रिकामा कप बशीवर फिरवत होता, तो सासूबाईंनी काढून घेतला. पावाचा वास सुटला तरी पलीकडून चकार शब्द नाही. ताईंची नजर भिंतीवर. आपला ओव्हन पेटलाय हे त्या विसरल्यात की काय, असं मला वाटलं.

शेवटी तो दारात आला. तळवा अजून पसरलेलाच.

"कोमट आहे."

"कोमट म्हणजे मी काय समजू?" सेक्रेटरीने विचारलं. "तोडायची की ठेवायची?"

पंपवाल्याने ताईंकडे बघितलं. ताईंनी हात जोडले नाहीत, मानही खाली घातली नाही.

"ठेवा," तो म्हणाला. "पण उन्हाळ्यात मी पुन्हा हात लावून बघणार."

"मला हाक मारा," ताई म्हणाल्या. "मीच येऊन लावते."