बनारसच्या थंडीत अडलेलं छप्पर

९ जानेवारी १९९४, वाराणसी. आजचं काम : व्हॅनच्या छपराच्या कापडाला पडलेली दीड वीत चीर शिवणे.

चीर मीच पाडली, सकाळी सात वाजता. आदल्या दिवशी आम्ही मिर्झापूरकडून येऊन संध्याकाळी शहरात पोचलो होतो. ब्रह्मा घाटावर माझ्या आईची मावसबहीण, माईमावशी, राहते. तिच्या मुलाने ओळखीने एका लाकडाच्या वखारीच्या आवारात गाडी लावायची सोय करून ठेवली होती. घाटाजवळच्या गल्ल्यांत आमची गाडी सोडाच, दोन म्हशी शेजारी शेजारी जात नाहीत.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मूळ ती जुनी मालवाहू व्हॅन. माझे यजमान श्रीधर यांनी रत्नागिरीला घरामागच्या अंगणात तीन वर्षांचे रविवार घालवून तिचं फिरतं घर केलं. खाली बाक, शेगडी, पाण्याची टाकी. आणि वर उघडतं छप्पर. फायबरचं हे छप्पर चार कोपऱ्यांतल्या चार नळ्यांवर उभं राहतं. प्रत्येक ठिकाणी एका नळीत दुसरी नळी आणि आत स्प्रिंग. आतून जोर लावला की छप्पर अडीच फूट वर येतं आणि चारी बाजूंना जाड कापड ताणलं जातं. मग गाडीत सरळ उभं राहता येतं आणि वरच्या फळीवर दोघांना झोपता येतं. सकाळी पट्टा ओढून खाली घ्यायचं, दोन हुक लावायचे आणि निघायचं. आळीत सगळे त्याला ‘पंतांचा पेटारा’ म्हणत. पंत म्हणजे श्रीधर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

तर त्या सकाळी पेटारा बंद होईना. धुकं इतकं की वखारीचं फाटक दिसत नव्हतं. मी पट्ट्याला लोंबकळले. तीन कोपरे खाली आले. डावीकडचा मागचा कोपरा मात्र कोणीतरी धरून ठेवल्यासारखा वरच राहिला. जबलपूरपासून सकाळी तो थोडा कुरकुरत होताच. मी एक हिसका दिला. तिरकं झालेलं छप्पर दुसऱ्या बाजूला दणकन बसलं, काठात कापड चिमटलं आणि टर्रकन फाटलं.

“ओढू नकोस म्हटलं होतं,” श्रीधर म्हणाले.

“म्हटलं नव्हतंत. मनात म्हटलं असेल.”

टेप काढून ते चारी नळ्या मोजत बसले. टेबलाचा खण एका बाजूने ओढला की तो तिरका होऊन अडतो, तसंच या छपराचं आहे. चारी कोपरे एकदम हलले तरच ते हलतं. अर्ध्या तासाने ते गाडीतून वाकून बाहेर आले. “मागची डावी नळी दोन सूत, म्हणजे पाव इंच, तिरकी बसली आहे. माझंच माप चुकलं.”

वखारवाल्याने दुपारी एक वेल्डिंगचा मिस्त्री पाठवला. उंच, कानाला मफलर गुंडाळलेला, तोंडात पान. तोवर धुकं विरून चांगलं ऊन पडलं होतं. मिस्त्रीने आत वाकून एका हाताने पट्टा धरला आणि छप्पर लोण्यासारखं खाली आलं. परत वर केलं. परत खाली. डॉक्टरांसमोर पोराचा खोकला थांबावा तसं.

“भाभीजी, ई त एकदम ठीक हौ,” तो म्हणाला.

“सकाळी नव्हतं. काल सकाळीही नव्हतं,” मी माझ्या हिंदीत सांगितलं.

त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. “जौन छत अपने मन से चलै, ऊ छत नाहीं, दामाद हौ.” (जे छप्पर आपल्या मर्जीने चालतं ते छप्पर नव्हे, जावई.) मग त्याने उपाय सांगितला. चारी कोपरे खाली बसवून कायमचे वेल्ड करून टाकायचे. उद्या सकाळी आठला तो सामान घेऊन येईल.

मी लगेच हो म्हटलं. पुढचा रस्ता हमरस्त्याचा, ट्रकांचा. दुपारपर्यंत बंद न होणारं छप्पर घेऊन प्रवास होत नाही. बंद छपराखाली श्रीधरची मान सरळ राहत नाही आणि वरची फळी गेली की दोघांना झोपायला जागा नाही. म्हणजे इथून सरळ घरी आणि घरी गेल्यावर गाडी विकायची. तीन वर्षांचं काम उद्या आठ वाजता संपणार होतं आणि ते मान हलवून म्हणाले, “तू म्हणतेस ते बरोबर आहे.” सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी फार वेळा ऐकलेलं नाही. त्याचा आनंद झाला नाही.

चीर तरी शिवून घ्यावी म्हणून दाभण मागायला मी माईमावशीकडे निघाले. वाटेत एका हातगाडीवर चूड़ा-मटर (पोहे आणि कोवळे मटार) खाल्ले. आपल्या पोह्यांत कांदा असतो, यांच्यात आलं, गरम मसाला आणि भरपूर तूप. एका पानात पोट भरलं. ब्रह्मा घाट कुठे म्हणून तिघांना विचारलं, तिघांनीही “सीधे” म्हणून हात केला आणि मी भलत्याच गल्लीतून शिंदे घाटावर निघाले. तिथून मग नदीच्या कडेकडेने परत. पायऱ्यांवर लोक ऊन खात बसले होते. एका होडीच्या उलट्या टाकलेल्या बुडाला एक नावाडी डांबर लावत होता. कामाचा माणूस पाहिला की मला बरं वाटतं. मी थोडा वेळ उभी राहिले.

माईमावशी सत्तरीची, ठेंगणी, आवाज खणखणीत. सोळाव्या वर्षी सांगलीहून इथे लग्न होऊन आली. तिच्या मराठीत आता निम्मी हिंदी असते आणि ते तिच्या गावीही नाही.

“सुमन, किती काळी पडलीस गं! बस. खाना खाऊन जायचं आहे,” ती म्हणाली. वरणाला मोहरीच्या तेलाची फोडणी होती. पहिल्या घासाला नाकात झणका आला, दुसऱ्याला आवडली.

दाभण तिच्याकडे होता. तिने तो दिला आणि माझ्या केसांकडे पाहिलं. “हे काय झाडू झालंय? पाणी गरम आहे, न्हाऊन घे. पण जरा रुक, अगोदर तेल लाव. बोतल वर गच्चीत आहे, उन्हात.”

“उन्हात कशाला?”

“अगं, नारळाचं तेल ना ते. जम जातं इथे. या दिवसांत चमच्याने खरवडलं तरी निघत नाही. तुमच्याकडे नाही जमत?”

“रत्नागिरीत? कधीच नाही.”

गच्चीच्या कठड्यावर बाटली होती. वरचं तेल पातळ, पिवळसर. खालचं अर्धं अजून मेणबत्तीसारखं पांढरं, घट्ट. मी ती आडवी केली. खालचं हललं नाही. मला गाडीची मागची डावी नळी आठवली.

आता जे सांगते ते मी श्रीधरना तोपर्यंत सांगितलेलं नव्हतं. चारी नळ्यांना त्यांनी गाडीचं काळं ग्रीस भरलं होतं. मागच्या डाव्या कोपऱ्याला माझी उशी येते. तिथलं ग्रीस ओघळून माझ्या दोन अभ्र्यांची वाट लागली. ऑक्टोबरात एके दिवशी हे बाजारात गेले असताना मी त्या नळीतलं ग्रीस चिंधीने पुसून काढलं आणि तिथे खोबरेल ओतलं. आमच्याकडे खोबरेल कशाला चालत नाही? शिवणयंत्राला चालतं, कुलपाला चालतं, दाराच्या बिजागरीला चालतं. इथेही चाललं. संध्याकाळी श्रीधरनी छप्पर उचललं आणि खूश होऊन म्हणाले, “स्प्रिंग बसली बघ आता. किती हलकं झालं.” मी म्हटलं, “हो का?” डब्यातलं उरलेलं तेलही मी नागपूरपर्यंत डोक्याला लावून संपवलं होतं, नाहीतर ते थिजलेलं जबलपूरलाच दिसलं असतं.

खाली येऊन मी माईमावशीला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

“नवऱ्याच्या गाडीला केसांचं तेल लावलंस? आणि कापडही तूच फाडलंस?”

“हो.”

“आता त्याला सांगणार, का चुपचाप पुसून टाकणार?”

खरं तर चुपचाप पुसून टाकायचा विचार माझ्या मनात आला होता. नळी साफ केली की काम झालं. छप्पर आपोआप बरं झालं असं म्हणता आलं असतं. न्हायला न थांबता मी निघाले आणि सबंध गल्लीभर तोच विचार केला. पण मग हा माणूस जन्मभर समजत राहिला असता की आपलं माप चुकलं होतं. पुढच्या प्रत्येक थंड सकाळी तो त्या कोपऱ्याकडे संशयाने बघत बसला असता.

वखारीत आले तेव्हा श्रीधर गाडीच्या टपाजवळ स्टुलावर उभे होते. मिस्त्रीला सोपं जावं म्हणून जिथे जिथे वेल्डिंग करायचं तिथे त्यांनी खडूने खुणा केल्या होत्या. नीट, पट्टी लावून.

“खाली उतरा,” मी म्हटलं. “एक सांगायचं आहे.”

दोन वाक्यांत सांगितलं. मला लांबण लावता येत नाही. ते आत गेले, ऊन गेल्यावर पुन्हा गार झालेल्या त्या नळीच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि टोकावर पांढरट, रस्त्याच्या धुळीने करडा झालेला एक गोळा बाहेर काढला. त्याचा वास घेतला.

“खोबरेल,” ते म्हणाले.

“हो.”

“म्हणजे माझं माप बरोबर होतं?”

“दोन सूत तिरकं आहे म्हणालात.”

“दोन सूत चालतं. तेवढी ढील मीच ठेवली होती.” ते परत एकदा म्हणाले, “माप बरोबर होतं.” मग, “आणि ऑक्टोबरात एकदम हलकं झालं, ते?”

“तेलामुळे.”

“मी समजत होतो स्प्रिंगमुळे.”

“मी समजू दिलं.”

मला वाटलं आता चिडतील. ते चिडले नाहीत. बाही वर सरसावून म्हणाले, “रॉकेल आण.” नळी सुटी करून आम्ही ती रॉकेलने तीनदा धुतली, कोरडी केली, काळं ग्रीस भरलं. उरलेल्या उजेडात मी चिरेवर आतून ठिगळ लावून दुहेरी दोऱ्याने शिवलं. टाके सुंदर नाहीत, पण वारा आत येत नाही. माझा तिसरा अभ्राही काळा होणार हे दिसतच होतं. मी उशी फळीच्या दुसऱ्या टोकाला नेली. हे ऑक्टोबरातच सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं आदल्या दिवसाइतकंच होतं. हाताची बोटं वळत नव्हती. श्रीधर पट्ट्याकडे बघत राहिले, हात लावीनात. शेवटी मीच पट्टा दोन बोटांत धरला आणि हलकेच ओढला. चारी कोपरे एकदम खाली आले. मी हुक लावले.

आठ वाजता मिस्त्री सायकल-रिक्षात वेल्डिंगचं सामान घालून आला. झालेला प्रकार ऐकून त्याने कपाळावर हात मारला. “भाभीजी, कडू तेल डालतीं त कुछ न होत!” (मोहरीचं तेल घातलं असतंत तर काही झालं नसतं.) फुकट फेरी झाली म्हणून त्याला मी गाडीची सैल झालेली पायरी वेल्ड करायला दिली. ते काम दहा मिनिटांत झालं. पण छपरात नेमकं काय आहे ते त्याला आता बघायचंच होतं. श्रीधरनी हुक काढले. छप्पर वर गेलं. मिस्त्री आत शिरून ताठ उभा राहिला, वर बघितलं आणि म्हणाला, “अरे, ई त पूरा कमरा हौ!”

मग नळीत नळी कशी, स्प्रिंग किती, दोन सुतांची ढील का ठेवली, सगळं सुरू झालं. छप्पर पाचदा वर गेलं, पाचदा खाली आलं. पाचव्यांदा खाली आल्यावर मी स्वतः हुक लावले, भांडी आवरली, चालकाच्या जागेवर बसले आणि इंजिन चालू केलं. आम्हाला दुपारच्या आत अलाहाबादला पोचायचं होतं. आरशात दिसलं, श्रीधर पायरीवर बसून खडूने जमिनीवर छपराची आकृती काढत होते आणि मिस्त्री उकिडवा बसून ऐकत होता. हॉर्न वाजवायला मी हात उचलला.

मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि बसून राहिले.