तावुसनं बसवलेलं ऑइल सील

माझी सून तावुस घरात आली तेव्हा तिच्या पेटीत रीतीप्रमाणे दोन गालिचे होते, आणि गालिच्यांखाली फडक्यात गुंडाळलेले लोखंडी पाने आणि एक हातोडी. बायका हसून लोटपोट झाल्या. बाप ट्रॅक्टर-स्टेशनवर मिस्त्री, पोरगी एकुलती एक, मग बाहुल्यांऐवजी नटबोल्ट खेळली असणार. मी ते फडकं पुन्हा बांधून ठेवलं. न जाणो, लागायचं.

लग्न उरकून माझा मुलगा बात्यर इस्तंबूलला कामावर परत गेला. उरलो तिघं. त्यातली एक मुकी, कारण आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. ओढणीचं टोक दातांत धरून तोंड झाकून घ्यायचं, सासरे आले की बाजूला व्हायचं. सासऱ्याच्या मनात येईल तेव्हा तो शाल नाहीतर कोकरू देतो आणि म्हणतो, आता बोल. माझ्यापुरतं मी तिला आठवड्यातच मोकळं केलं, मला घरात गप्पा मारायला माणूस हवं होतं. पण आमचे हे! "कोकरं मोठी होऊ दे," म्हणायचे. कोकरं मोठी झाली, त्यांचा पुलावही झाला, तावुस आपली मुकीच.

यांचा जीव त्यांच्या झिगुली गाडीत. ती बात्यरपेक्षा वयानं मोठी. गावातली निम्मी बाळं तिच्या मागच्या सीटवरून दवाखान्यात पोचली, कितीतरी नवऱ्या तिच्यातून सासरी आल्या. अन्नागुली, म्हणजे आमचे हे, म्हणजेच गाडी आणि गाडी म्हणजे अन्नागुली, असं गाव म्हणतं. यंदा इंजिनाच्या पुढच्या बाजूनं तेल गळायला लागलं. उभी राहील तिथं काळं डबकं. यांनी अंगणातल्या तुतीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर गाडी घेतली, खाली उतरून नवं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, बसवलं. चार दिवसांत पुन्हा टपटप. दुसरं बसवलं, तेही गळलं.

"बाजारात सगळे चोर बसलेत," हे म्हणाले, आणि या वेळी दोन सीलं आणली. एक खराब निघालं तर दुसरं.

माझ्या भाचीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं, कालव्यापलीकडच्या गावात. आम्ही पाच बायका जाणार, हे नेणार. म्हणून सकाळपासून खड्ड्यात ठोकाठोक चालली होती. तावुस चहा द्यायला गेली ती कडेलाच उभी राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, सील वाकडं जातंय. आतली रबराची कड दुमडतेय. म्हणून गळतं."

मी तिथूनच ओरडले, "अहो, वाकडं जातंय ते!"

"तुझ्या तंदूरमधल्या रोट्या सरळ येतायत का ते बघ!" खड्ड्यातून उत्तर आलं.

दुपारी जेवून हे आडवे झाले. तावुसनं फडकं सोडलं आणि खड्ड्यात उतरली. मी वर राखणीला. तिनं वाकडं गेलेलं सील उचकटून काढलं, लोखंड पुसलं, नव्या सीलच्या कडेला बोटानं तेल लावलं आणि बाळाला टोपी घालावी तसं हळूच जागेवर टेकवलं. मग वर लाकडाचा ठोकळा धरून इकडे जरा, तिकडे जरा, अशी गोल फिरत ठोकत राहिली. मला तिचं फार कौतुक वाटलं.

वर आली, हात पुसले, आणि खाली बघत म्हणाली, "आई, सीलात काही खोट नव्हती. बाबांना दिसत नाही."

"काहीतरीच काय! रोज गाडी चालवतात ते."

"हातोडी त्यांच्या गुडघ्याशी होती. ते भलतीकडेच चाचपत होते."

मी उडवून लावणार होते, पण एकेक आठवायला लागलं. परवा चहा पियाल्याबाहेर ओतला होता. सूर्य कलला की गाडी काढत नाहीत. रस्त्यात कुणी हात केला तरी थांबत नाहीत, हाक मारली तरच थांबतात. आणि कालव्याच्या पुलाला कठडे नाहीत.

"काढ ते सील," मी म्हटलं. "गळू दे. उद्या गाडी हलायलाच नको."

"गळती गाडीसुद्धा नेतील ते. आणि काम मुद्दाम बिघडवायला माझा हात नाही वळत. तुम्ही सांगा ना त्यांना."

मी सांगू? दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो, पण हे सांगायचं म्हटल्यावर जीभ टाळूला चिकटली. त्या माणसाला कसं म्हणायचं की तुझं चालवणं संपलं? मी भित्री निघाले, दुसरं काय.

हे उठले, तडक खड्ड्यात उतरले. सीलवरून बोट फिरवत किती तरी वेळ तिथंच. वर आले, इंजिन चालू करून ठेवलं, खाली पुठ्ठा सरकवला. बऱ्याच वेळानं त्यावर तळवा फिरवला. कोरडा. तावुसनं चहा पुढे केला तर पियाला नाकाशी नेला.

"याला इंजिनाच्या तेलाचा वास येतोय," म्हणाले. मग मला, "तिला म्हणावं, बस इथं."

आत जाऊन यांनी एक रेशमी शाल आणली. लग्नापासून घेऊन ठेवलेली, मलासुद्धा पत्ता नाही! तावुसच्या खांद्यावर ती घालून समोर बसले.

"बात्यर आला की देऊ म्हणत होतो. पण असे हात असलेल्या माणसाला गप्प बसवणं बरं नाही. तोंडावरची ओढणी काढ, पोरी. वर्ष होत आलं, तुझ्या ओढणीमुळे सुनेचं तोंड पाहिलं नाही मी. बघू दे."

तावुसनं दातातलं टोक सोडलं, ओढणी मागे सारली. उन्हं अजून होती, तिच्या चेहऱ्यावरच येत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या. हे पुढे वाकले. आणखी वाकले. मग हसले.

"काढ गं. लाजतेस काय आता?"

"काढलीय, बाबा," तावुस म्हणाली.

हे हसायचे थांबले. हात पुढे केला, तर तिनंच कपाळ त्या हाताखाली नेलं. बोटं कपाळावरून गालावर आली आणि ओली झाली. तो हात तिच्या गालावरच राहिला. शेवटी दुसऱ्या हातानं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या दिशेनं धरली.

"डोळ्याच्या दवाखान्याची बस कधी असते गं?" त्यांनी मला विचारलं.

मी किल्ली घेतली आणि माझ्याच ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

"सकाळी असते, बाबा," तावुस म्हणाली. "मी येते बरोबर."