लाल बांध, हिरवा बांध

आमच्या ऑफिसच्या टाकीत पाणी साठत नाही, किस्से मात्र साठतात. ऐन दुष्काळात पुराच्या बांधांची माहिती गोळा करत बसलेलं ऑफिस म्हटल्यावर दुसरं काय साठणार!

पुराचं पाणी वस्तीत शिरू नये म्हणून नदीकाठी मातीचे लांबच लांब बांध असतात ना, ते कुठे धड आहेत आणि कुठे फुटलेत, हे सगळ्या खात्यांनी एकाच ऑनलाइन नकाशावर भरायचं. धड असेल तर हिरवी रेघ, फुटला असेल तर लाल. तो नकाशा सांभाळायचं काम माझ्याकडे. शेजारच्या काकूंना हे समजावून सांगितलं, तर रिकामा हंडा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अगं, पूर राहू दे, आपल्या गल्लीत टँकर कधी येतो ते दिसतं का त्यात?"

"नाही हो काकू."

"मग तुला पगार कशाचा देतात?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतेय.

*

पहिल्याच महिन्यात माहितीचा नुसता धो धो पाऊस! गंगापूरकडच्या नदीकाठी एक बांध आहे. तो एका खात्याने एका नावाने भरला, दुसऱ्याने दुसऱ्या, ग्रामपंचायतीने तिसऱ्याच. बांध एक आणि नकाशावर शेजारी शेजारी रेघा तीन.

मी आणि आमचे इंजिनिअर शेखभाई, आम्ही दोघांनी बसून अशा जादा रेघा शोधल्या आणि पुसल्या. नकाशा कसा स्वच्छ दिसायला लागला. साहेबांनी तो पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"अहो, एवढे बांध कमी केलेत तुम्ही! वर विचारलं तर काय सांगू? वाहून गेले म्हणून?"

पाणीच नाही तर वाहून कशात जाणार, असं शेखभाई पुटपुटले. रेघा परत घालाव्या लागल्या.

*

मग साहेबांना लोकसहभाग सुचला. नकाशाची लिंक गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. बांध फुटलेला दिसला तर गावकऱ्यांनी तिथे खूण करायची आणि फोटो टाकायचा.

दोन दिवसांत नकाशा खुणांनी भरून गेला. उघडून बघते तर काय! "इथं टँकर पाठवा." "आमच्याकडं बी पाठवा." "वाळूजच्या कंपन्यांना पाणी हाय, आमाला का नाय?" बांधाचं नाव कोणी काढलं असेल तर शपथ.

साहेबांनी नुसत्या खुणा लांबून पाहिल्या आणि खूश झाले. "प्रतिसाद जबरदस्त आहे!"

त्या सगळ्या ढिगाऱ्यात बांधाचा खरा फोटो एकच होता. गंगापूरकडच्या त्याच बांधाला मोठं खिंडार पडलेलं आणि खिंडाराच्या खाली चार पत्र्याची घरं. फोटो पाठवणारे होते भिका रूपनर, मेंढरं राखणारे, त्या घरांपैकी एकाचे मालक. मी त्याच्या तिन्ही रेघा लगेच लाल केल्या आणि तालुक्याला फोन लावला.

"मॅडम, खिंडार कुठलं? रस्ता आहे तो," तिकडचा माणूस म्हणाला. "टँकर त्याच्यातूनच नदीत उतरतात, डोहातलं पाणी भरायला. बुजवला तर गाव तहानेनं मरंल."

मी रूपनर मामांना विचारलं. ते म्हणाले, "व्हय, खरं हाय त्यांचं. पाणी तिथूनच येतंय. उद्या पूर आला तर त्योबी तिथूनच येईल."

त्या दिवशी मी डबा न खाताच तसाच घरी नेला.

*

पण एवढी माती गेली कुठे, हे कोडं सुटत नव्हतं. टँकरच्या चाकांनी काही एवढा बांध जात नाही.

त्याच सुमारास शेखभाईंनी शहराबाहेर नवीन प्लॉटिंगमध्ये जागा घेतली होती. गावात प्यायला पाणी नाही आणि प्लॉट मात्र गरम भज्यांसारखे खपत होते! जागा खोलगट, म्हणून भरावासाठी हायवा डंपर भरभरून माती मागवली. शेखभाई रोज कौतुकाने सांगायचे, "क्या मिट्टी है मॅडम, एकदम दाबून बसलेली!"

एके दिवशी ते आले आणि चहासुद्धा नको म्हणाले. हायवाच्या ड्रायव्हरला त्यांनी सहज विचारलं होतं, माती कुठली म्हणून.

खुर्ची ओढून ते माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, वो बांध मिल गया. मेरे प्लॉट पे है."

*

महिन्याला वरिष्ठांची ऑनलाइन मीटिंग असते. साहेबांना स्क्रीनवर लाल रंग खपत नाही. त्यामुळे मीटिंगच्या दिवशी तालुके आपापल्या लाल रेघा हिरव्या करतात आणि दुसऱ्या दिवशी परत लाल करतात. मी भांडून पाहिलं. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "बांध कुठे पळून जातोय?"

त्या नकाशाकडे रोज बघणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, रूपनर मामा! त्यांचा फोन आला.

"मॅडम, आमचा बांध काल हिरवा झालता. पळत जाऊन बघितला तर खिंडार हाय तसंच! आज परत लाल दिसतोय."

मला लाज वाटली, पण सांगून टाकलं, काल मीटिंग होती म्हणून.

मामा खो खो हसले. "मग रोजच घ्या की मीटिंग!"

*

मग एका पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ कोरडंच राहिलं आणि वर नाशिककडे पाऊस कोसळला. तिकडच्या धरणांतून पाणी सोडलं. आपलं धरण आता भरणार म्हणून शहरात आनंदीआनंद! शेजारच्या काकूंनी साखर वाटली, साहेबांनी मीटिंगच्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स उघडला. समोर स्क्रीनवर नदीकाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवागार.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. मी बाहेर पॅसेजमध्ये आले. रूपनर मामा होते. चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन ते पिशोरच्या डोंगराकडे गेले होते. मागे घरी म्हातारी आई आणि बाळंतपणाला आलेली लेक.

"मॅडम, नदीला पाणी सोडलंय म्हणत्यात. घरी फोन लावतोय तर लागंना. मोबाइलवर बघितलं, आपला बांध हिरवा दिसतोय."

मी वळून मीटिंगच्या बंद दाराकडे पाहिलं.

"बुजवला असंल तर मेंढरं टाकून कशाला येऊ? बुजवलाय ना?"

दाराआडून टाळ्या ऐकू येत होत्या.

"मामा," मी म्हणाले, "तुम्ही निघा. आत्ताच निघा."

पलीकडे नुसता मेंढरांचा आवाज येत राहिला.

"म्हंजे मीटिंग हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.