उसवलेल्या रजया

आमच्या गल्लीत थंडी गेली की नाही हे आमच्या ओट्याकडे बघून ठरतं. अब्बा गादीवाले. राजुऱ्यात रजया भरणं, दबलेला कापूस पिंजून पुन्हा भरणं हा त्यांचा धंदा. दरवर्षी ते आधी घरच्या रजया उसवतात, खोळी धुतात, कापूस ओट्यावर उन्हात टाकतात. तो दिसला की गल्लीतल्या बायका आपापल्या रजया काखोटीला मारून येतात. गादीवाल्यानं स्वतःचं पांघरूण सोडलं, म्हणजे आता भीती नाही, असा सगळ्यांचा हिशोब.

त्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी होते. लेक महिन्याचीही नव्हती. शिवरात्र लांब होती, पण दुपारी पंखा लागत होता. एका सकाळी अब्बा मोबाईल कानाला लावून हवामानाचा अंदाज ऐकत बसले होते. मग उठले, "गर्मी आली" म्हणाले आणि कात्री घेऊन आमच्या रजया उसवायला बसले. लेकीच्या अंगावरची छोटी रजईसुद्धा. ती माझ्याच लहानपणची, कापूस दबून पापड झालेला. मऊ करून देतो म्हणाले, म्हणून मी कुरकुरले नाही.

संध्याकाळी शेजारची म्हातारी रजया घेऊन हजर. "शिवरात्रीले थंडी शिव शिव करत जाते म्हनतेत. यंदा आधीच पळाली का, भाऊ?"

"गेली समजा, बाई," अब्बा म्हणाले. तिच्यामागून बाकीच्याही आल्या. दुकान भरलं.

आठवडा उलटायच्या आत आभाळ भरून आलं. पाऊस झाला आणि मागोमाग हाडं गोठवणारा वारा सुटला. खोळी वाळेनात, दमट कापसाचे पिंजायच्या मशीनमध्ये गोळे होऊ लागले. अख्ख्या गल्लीचं पांघरूण दुकानात ढीग होऊन पडलं होतं. लेकीला मी अम्मीच्या शालीत, माझ्या ओढण्यांत गुंडाळलं. तरी तिचं नाक चोंदलं. दूध ओढताना श्वास कोंडायचा, मग ती दूध सोडून रडायची. डॉक्टर म्हणाले, हिला ऊब द्या. ऊब कुठून आणणार होते मी? त्या अंदाजवाल्याला मी मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत होते.

दुसऱ्या दिवशी म्हातारी नातवाचा मोबाईल घेऊन दुकानात आली. मी तिथंच बसले होते. "आयक माय, या अंदाजवाल्या मेल्यानं आपल्याले कसं फसवलं ते."

अब्बांनी त्या सकाळी ऐकलेलाच अंदाज वाजू लागला. काही दिवस उष्णता वाढेल. त्यानंतर पावसासह थंडीची लाट येईल. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जपा.

"हा तं पूरं सांगून राह्यला वो," म्हातारी म्हणाली आणि अब्बांकडे बघू लागली. अब्बांनी मशीनकडे तोंड फिरवलं.

ती गेल्यावर मी विचारलंच. घरात आमची हिंदी चालते, पण मी संतापले की मराठीवर येते, आणि अब्बाही मग मराठीतच बोलतात.

"अब्बा, तुमी पूरं ऐकलं होतं ना?"

"ऐकलं होतं."

"मंग काऊन उसवल्या?"

"दुकान रिकामं होतं, बेटा. आपल्या उसवल्याबिगर कोणी आणत नाई. अन् अंदाजच तो. कधी लागते, कधी नाई."

"अन् हिची?"

अब्बा दमट कापसाचा एक गोळा सोडवू लागले. लोकांना खरं वाटावं म्हणून माझ्या लेकीचं पांघरूण ओट्यावर मांडलं होतं. तेही ती जन्मली तेव्हा ज्यांनी तिच्या कानात पहिली अजान दिली होती, त्यांनीच. परक्यानं फसवलं तर चार शिव्या देऊन मोकळं होता येतं. बापाला कोणती शिवी द्यायची?

लेक बरी झाली. रजईही परत मिळाली, खरंच मऊ.

यंदा फेब्रुवारीत आम्ही मायलेकी माहेरी होतो. ऊन चढलं तसा अब्बांनी ओट्यावर कापूस पसरला. मी लेकीची रजई ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. अब्बांनी ती मागितली नाही.

दुपारी म्हातारी रजया घेऊन आली. ओट्यावरचा कापूस बघितला, पण अब्बांना काही विचारलं नाही. माझ्याकडे वळली.

"पोरीची उसवली का?"

अब्बांचे हात थांबले.

"नाई," मी म्हणाले.

म्हातारी रजया घेऊन आल्या पावली परत गेली.