कमी पडलेला पगार

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. आईला बोलले नाही. लातूरच्या नर्सिंग होस्टेलवर ज्या मैत्रिणीबरोबर एका ताटात जेवले, तिलाही नाही. एकदा सांगायचं ठरवून तिला फोन लावला होता — आणि पोरांच्या परीक्षा कशा झाल्या ते विचारून ठेवून दिला. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच बहुतेक तुम्हाला सांगणं जमेल.

मी किल्लारीजवळच्या एका गावची. नर्सिंग लातूरला केलं, पहिली नोकरी नांदेडला, आणि तिथून इंग्लंडला आले — एका लहान शहरातल्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून. बरीच वर्षं एकटी राहिले. कायमचं राहायची परवानगी मिळाली. मग अण्णांची, माझ्या वडिलांची, बायपास झाली आणि त्यांनी एकच धोशा लावला, माझ्या डोळ्यांदेखत तुझं होऊ दे. नाही म्हणता आलं असतं? आलं असतं. अण्णांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. मीच 'नाही' म्हटलं नाही.

स्थळ अहमदपूरचं होतं. विलास — माझे मिस्टर. ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचे, तासिकेवर, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार. बघायला आले तेव्हा चहाचा कप खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "मला लहानपणापासून दमा हाय. औषध घेतलं की काही होत नाही, पण सांगितलेलं बरं. मागून कळलं तर फसवल्यासारखं वाटंल." त्यांच्या आईनं डोळे मोठे केले. मला ते आवडले, खरं सांगते. माणूस म्हणून आजही त्यांच्यात बोट ठेवायला जागा नाही. मग तरीही — हेच तर मला सांगायचंय, आणि हेच जिभेवर येत नाही.

लग्न झालं, थोडे दिवस अहमदपूरला राहिले, परत आले. त्यांना इकडं आणायचं तर एक अट होती. बायकोची कमाई सरकारनं ठरवलेल्या आकड्याच्या वर दिसली पाहिजे, तीही सलग सहा महिन्यांच्या पगारपत्रकांवर. तो आकडा नुकताच वाढवला होता. पूर्ण ड्युट्या केल्या तर माझा पगार त्याच्या जरासा वर जायचा. आठवड्याचा एक दिवस कमी केला तर खाली.

सगळं एवढ्याशा फरकावर उभं होतं. आणि तो फरक माझ्या हातात होता.

पहिले चार महिने मी इमानानं पूर्ण भरले. मग काय झालं? काहीच झालं नाही. एका संध्याकाळी कामावरून आले, दाराला किल्ली लावली आणि आत बघत उभी राहिले. माझी खोली. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीखाली धोब्याच्या दुकानातल्या यंत्रांची घरघर. माहेरी आम्ही चौघी बहिणी एका खोलीत, मग होस्टेल, मग नांदेडला भाड्याच्या खोलीत तिघी. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी विचारत नव्हतं — कुठं निघालीस, कधी येणार, जेवलीस का. त्या रिकाम्या खुर्चीवर त्यांचा शर्ट लटकलेला माझ्या डोळ्यांसमोर आला. आणि वाटलं, ही खोली आता माझी एकटीची राहणार नाही. त्यांचा राग नव्हता. दुसरं कुणी नव्हतं. हे सांगून मी काय मिळवतेय? काही नाही. फक्त तुम्ही भलताच अर्थ काढू नये.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजर बाईंकडे गेले. पाठ दुखते, आठवड्यातला एक दिवस कमी करा, म्हणाले. पाठ दुखत नव्हती. त्या बाई चांगल्या, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच लिहून दिलं.

त्या रविवारी मी फोनवर सांगितलं, "अहो, पगार कमी पडला. पाठीमुळं ड्युट्या होईनात. आता सहा महिने पहिल्यापासून."

 ते म्हणाले, "मग काय झालं? तू पाठ सांभाळ. मी कुठं पळून चाललो?"

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर — बरं झालं असतं का? मला तर सोपं गेलं असतं.

मग ती सवयच झाली. कधी पाठ, कधी वृद्धाश्रमानं तास कमी केले, कधी नियमच फिरला. प्रत्येक वेळी थोडं खरं आणि बाकी खोटं. ते तिकडं तयारी करून राहिले होते. आईकडून स्वयंपाक शिकत होते — "तू ड्युटीवर असणार, मग भाकरी कोण टाकणार?" शेजारणी दारात उभ्या राहून हसायच्या. बसस्टँडवर, कॉलेजात, लग्नकार्यात एकच प्रश्न, "कवा निघालास मग लंडनला?" हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. माझ्या दिरानं सांगितलं, नितीननं, तेही हसत हसत. पुढं पुढं ते लग्नकार्याला जाईनासे झाले.

दुसऱ्या वर्षी लातूरच्या एका एजंटनं त्यांना सांगितलं, कमाई कमी असली तरी नवरा-बायकोच्या नावावर शिल्लक दाखवली तर तूट भरून निघते. त्यांनी आनंदानं फोन केला. "खरं हाय का गं हे?"

खरं होतं. मी आधीच वाचलेलं होतं. मी म्हणाले, "हो, चालतं म्हणे." मनात म्हटलं, तासिकेच्या पगारात हा माणूस कुठून साठवणार? निदान दोन-तीन वर्षं जातील. असा हिशोब केला मी. नवऱ्याच्या गरिबीवर.

त्या हिवाळ्यात ते म्हणाले, नांदेडला इंग्रजीचा क्लास लावलाय, आठवडाभर तिकडंच राहतो. व्हिडिओ फोन आता पांढऱ्या भिंतीसमोरून यायचा. आणि खोकला सुरू झाला.

मी कसली नोकरी करते ते सांगितलंच. दिवसभर म्हाताऱ्या माणसांचे श्वास ऐकणं हेच माझं काम. दाराबाहेरून मला कळतं कुणाचा श्वास कुठं अडकलाय. श्वास सोडताना त्यांच्या छातीत शीळ वाजत होती. आधी वाक्याच्या शेवटी, मग मधेच. मग वाक्यंच आखूड झाली. मी काय म्हणाले? वाफ घ्या. औषध बदला. थंडी आहे, मफलर बांधा. डॉक्टरकडे जाऊन या असं म्हणाले, ते गेलो म्हणाले, आणि मी पुढं विचारलं नाही.

एकदा त्यांनी डोळे चोळले. डोळे तांबडे लाल. नखांच्या कडांना तांबूस काहीतरी. फोन जरा हलला आणि भिंतीच्या कडेला पोती दिसली, एकावर एक रचलेली, आणि जमिनीवर लाल थर. लगेच फोन सरळ झाला.

"कुठं आहात?" मी विचारलं.

"क्लासच्या बाजूला. मित्राचं दुकान हाय."

आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला विचारा, एवढी मिरची कुठल्या बाजारात उतरते. धर्माबाद. लहान पोरगं सांगेल. मला कळलं नसेल? दमेकरी माणूस मिरचीच्या गोदामात कशाला बसलाय, हे नर्सला कळलं नसेल?

कळलं. त्याच क्षणी कळलं. हा माझा खरा गुन्हा. पगार कमी ठेवला तो आधीचा. त्या दिवशी एक वाक्य पुरलं असतं — उठा तिथून, पैशाची गरज नाही. पण ते वाक्य बोलले असते तर पुढचंही बोलावं लागलं असतं. मी म्हणाले, "बरं, काळजी घ्या." आणि फोन ठेवला. जेवले. झोपही लागली.

उन्हाळा लागायच्या सुमाराला एका दुपारी नितीनचा फोन आला. मी वाजू दिला. परत वाजला. तिसऱ्यांदा उचलला.

"वहिनी, दादाला नांदेडला आणलंय. श्वास घेईना गेलाय." मग तो रडायला लागला. "दोन-तीन महिने झाले, धर्माबादला मिरचीच्या आडतीवर होता. आधी हिशोब लिहायचा, मग गोदामात जास्ती मिळतंय म्हणून पोत्यात उभा राहिला. तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातलती त्यानं."

मी नांदेडला पोचले तेव्हा ते नळ्यांतून बाहेर आले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, सिस्टर म्हणून, बरोबरीनं बोलले. फुफ्फुस आता पहिल्यासारखं होणार नाही. धूळ, चढाव, थंडी — जपावं लागेल, कायमचं. मी मान हलवली. सगळं मला माहीत होतं.

बाहेर बाकड्यावर आत्याबाई बसल्या होत्या, माझ्या सासूबाई. भेटायला आलेल्या बायकांना माझ्याकडं बोट दाखवून सांगत होत्या, "लई राबली बघा ही माझ्या लेकासाठी. पाठ मोडली पोरीची तिकडं. पर पगार काय पुरंना. सरकारच तसलं, ती तरी काय करणार?" एका बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. नेमका पाठीवरून. मी खाली बघत बसले. तिथं, त्या बाकड्यावर, सगळे समोर असताना मी सांगू शकले असते. आत्याबाईंनी पदरानं माझे डोळे पुसले. मी पुसू दिले.

परत आल्यावर मी पूर्ण ड्युट्या धरल्या. सहा पगार झाले, सहाही त्या आकड्याच्या वर. सहज झाले. किती सहज होतं ते सहाही पत्रकं ओळीनं मांडून बघितलं. मी त्यांना फोन केला, सगळं जमलंय, अर्ज करू या म्हणाले.

ते बराच वेळ दम घेत होते. मग म्हणाले, "आता नको गं. मला घरातला जिना चढवंना. तिथल्या थंडीत मी काय करू? तुझ्या गळ्यात लोढणं व्हायला येऊ का?"

मी आग्रह केला. एकदा. दुसऱ्यांदा केला नाही.

याला आता वर्ष होत आलं. ते अहमदपूरला असतात, सावकाश बोलतात, बाहेर पडत नाहीत. मी पैसे पाठवते. दर रविवारी बोलतो. मी हे त्यांना सांगणार आहे का? नाही. ऐकून त्यांचा श्वास चढेल म्हणून नाही, तसं म्हणायला मला आवडलं असतं. मी भित्री आहे म्हणून. तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा, मी त्यावर काही बोलणार नाही.

फक्त गेल्या रविवारचं तेवढं राहिलं. बोलता बोलता ते थांबले. मला वाटलं खोकला आला. पण ते म्हणाले, "एक सांगू? मनात लई दिवसांपासून हाय. तू एकटीनं एवढी मेहनत केलीस, अन् जमलं तवा मीच कच खाल्ली. सगळं वाया घालवलं तुझं. माफ कर मला."

मी म्हणाले, "असू द्या हो. होतं असं."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.