नरडाण्याच्या मोटरघरातले सासरे

नाशिकच्या ताई, गुडघा काय म्हणतो? चाळीसगावचे काका, खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? पुण्याच्या सूनबाई, बाळाचे दात आले का? आम्ही वरणगावात ठणठणीत आहोत. ही मात्र म्हणते, साप बघायला जाणाऱ्या माणसाला ठणठणीत म्हणू नये.

निघालो त्याचं कारण माझी थोरली बहीण, अक्का. नरडाण्याजवळच्या खेड्यात असते. तिचा फोन आला, "भाऊ, मोटरघरात साप शे. फणा काढस. बठ्ठा गाव सांगस, आबा शेत!" आबा म्हणजे तिचे वारलेले सासरे. जिवंतपणी मोटरच्या बटणाला कुणी हात लावला की मान फुगवून ओरडायचे. सापही बटणाशी कुणी गेलं की मान फुगवायचा. झालं! मोटर बंद, पावसाने ओढ दिलेली, आणि वांग्यांनी माना टाकलेल्या.

साप मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. पुस्तकं चाळत, चिखलात वाकत, स्वतःच शिकलो. वरणगावहून एसटीने भुसावळ, तिथून सुरतकडची पॅसेंजर. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. नरडाण्याला उतरून शेअर रिक्षा. ती भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून स्टेशनाबाहेर शेवभाजी खाऊन घ्या. रुमाल जवळ ठेवा, नाकातून पाणी येतं.

मळ्यात पोचलो तर अक्का डोक्यावर पदर घेऊन उभी, दाजी तिच्या मागे. दाजी आबांना जिवंतपणीही असेच मागून भेटायचे. शेजारचा प्रल्हाद काठी घेऊन तयार. "मामा, आबा नसतीन तर सांगा, मी शे!"

पायपाच्या गळतीशी साहेब पसरले होते. चष्मा पुसून दुरूनच पाहिलं. शेवाळी हिरवं अंग. प्रत्येक खवल्यावर मधोमध बारीक कणा, त्यामुळे अंग खरखरीत. नागाचं अंग तुळतुळीत असतं. मान पसरली, पण नागासारखा उभा फणा नाही. पाठीवर चौकटी नाहीत, म्हणजे विरोळा नाही. पट्टे नाहीत, म्हणजे नानेटीही नाही.

"अक्का, हा गवत्या," मी म्हणालो. "माणसाला याचं भय नाही. पण हात लावू नका, चावायची हौस कुणालाही येऊ शकते."

"गवत्या ऱ्हाईन," अक्का म्हणाली, "पण आबाच शेत."

तेवढ्यात पायपामागून एक टपोरा बेडूक निघाला, आणि गवत्याने सगळ्यांसमोर तो गिळायला घेतला. अक्काचा पदरच घसरला.

"आबा माळकरी व्हतात!" दाजी पहिल्यांदाच पुढे येऊन म्हणाले. "अंडं बी नही खादं कधी!"

मी खूष. पण प्रल्हादही खूष! त्याने काठी उचलली. माझ्या शास्त्राने आणि त्या बेडकाने मिळून सापाचं नातं तोडलं होतं आणि आता त्याचा जीवच जाणार होता. मी दारात आडवा झालो.

"मामा, सरका."

"बेडूकच खातो रे तो, तुला नाही खात!"

"आज बेडूक, उद्या कोंबडी!"

काठी माझ्या टोपीला लागली. तेवढ्यात अक्का ओरडली, "थांब रे! ह्या आबा नहीत, तर नाना व्हतीन!"

नाना म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, तेही वारलेले. दाजींचा चेहरा उजळला. "हां! नाना चोरीछुपे मटण खायेत! आन् कोनले रागे नही भरेत."

"मंग लाव मोटर," अक्का म्हणाली.

दाजींनी बटण दाबलं. गवत्या बेडकासकट मोटरघराच्या मागे गेला, पाणी धडधडत पाटात आलं. प्रल्हादने काठी खाली टाकून हात जोडले. का, ते त्यालाच ठाऊक.

रात्री ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. जाल तर थंडीत जा, भरीत तेव्हा आणखी चवदार लागतं. साप मात्र पावसाळ्यातच भेटतील.

घरी येताना वाटलं, मी जात ओळखली, अक्काने माणूस ओळखला, आणि साप वाचला तो तिच्या ओळखीने. हे पचायला मला ते भरीत पचण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

काल अक्काचा फोन. मोटरघरामागे पिल्लं निघालीत, मानेशी पिवळी, त्यावर काळी खूण. गवत्याचीच. पण अक्का काळजीत आहे, कारण नाना बिनलग्नाचे गेले! प्रल्हाद विचारतोय, ही कोणाची? तुम्हाला सुचलं तर लगेच कळवा. पिल्लांना नातं हवंय.