दारावरचा कडुनिंब

माझ्या मामांना युरोपची फार काळजी. घरातलं मीठ संपलंय हे त्यांना तीनदा सांगावं लागे, पण तिकडे कुठल्या देशाने कुणाला सीमेवरून परत धाडलं हे मात्र तोंडपाठ. रत्नागिरीत त्यांचं चार पानी साप्ताहिक होतं. संपादक तेच, मालक तेच, आणि जुळारी आला नाही तर अक्षरांचे खिळे जुळवायलाही तेच. मी त्यांची भाची. आईवडील लवकर गेल्यामुळे त्यांच्याकडेच वाढले. सकाळी मुलींच्या शाळेत शिकवायची आणि दुपारी छापखान्यात मुद्रितं तपासायची. मामांचे डोळे अधू झाल्यापासून माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळ छापली जात नसे. मला त्याचा गर्व होता. तो कसा उतरला, ते सांगायचं आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा हिवाळा. युरोपात माणसांना त्यांच्याच घरांतून हाकलत होते, आणि मोठमोठी श्रीमंत राष्ट्रं एकत्र बसून, हळहळून, 'आमच्याकडे जागा नाही' असं सांगून उठून गेली होती. मामांचं रक्त तापलं. त्यांनी 'श्रीमंतांची बंद दारे' या मथळ्याखाली अग्रलेखांची मालाच सुरू केली. ज्याच्याकडे रिकाम्या खोल्या आहेत त्याने दारात आलेल्याला जागा दिली पाहिजे. ती दया नव्हे, ते कर्तव्य आहे, असा त्यांचा मुद्दा. लिहिणं जोरदार होतं, खोटं कशाला सांगू. शनिवारी अंक निघाला की वाचनालयात तो मोठ्याने वाचला जाई. वाचणारे गृहस्थ म्हणजे आमच्या धर्मशाळेच्या पंचांतले मुख्य. आवाज असा की बाहेर रस्त्यावर माणूस थांबे.

त्याच दिवसांत ती माणसं आली. मूळची देवरुखाकडची, पण आजोबांच्या वेळेपासून रंगूनला गोदीत सुतारकाम करणारी. तिकडे दंगल झाली, हिंदी माणसांची घरं जळली, आणि ही चार कुटुंबं हाताला लागेल ते घेऊन निघाली. मुंबईहून बोटीने रत्नागिरीला उतरली आणि तिथून आपल्या गावी गेली. गावात भाऊबंदांनी त्यांना अंगणातच बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "तुमचा वाटा तुमच्या आज्यानंच सोडलान." मग ती परत रत्नागिरीला आली आणि धर्मशाळेत उतरली. धर्मशाळेला आठ खोल्या. यात्रेचे दिवस सोडले तर सहा कायम रिकाम्या, त्यांत चिमण्यांचा संसार. पंचांनी तोंड वाकडं करून दोन खोल्या दिल्या.

मामा युरोपात गुंतलेले, त्यामुळे 'गाव व आसपास' हे सदर माझ्याकडे होतं. कुणाची बैलगाडी उलटली, कुठे कीर्तन आहे, कुणाच्या बागेत वानरं शिरली, असा तो मजकूर. एका बुधवारी शाळा सुटल्यावर मी धर्मशाळेकडे गेले. या माणसांवर चार ओळी लिहाव्यात, एवढाच हेतू. पाहते तो कडेच्या खोलीच्या दारावर कडुनिंबाच्या ताज्या डहाळ्या बांधलेल्या.

आमच्याकडे ज्या घरात कुणाला देवी येतात, अंगावर ते जीवघेणे फोड उठतात, त्या घराच्या दारावर कडुनिंब बांधत. तो पाहिला की परका माणूस त्या घरात पाऊल टाकत नसे. त्या वर्षी वरच्या गावांत देवीची साथ होतीच, आणि ही माणसं तिकडूनच आलेली. माझे पाय जागीच थांबले. तेवढ्यात एक म्हातारी बाहेर आली. मला पाहून तिचा चेहरा फुलला. "येवा बाय, आत येवा," म्हणाली. मी पदर नाकाला लावला, मान हलवली आणि झपाझप परतले. ती मागून काहीतरी बोलत होती. मी ऐकून घेतलं नाही.

छापखान्यात येऊन मी लिहिलं: 'धर्मशाळेत उतरलेल्या रंगूनच्या लोकांत देवीचा शिरकाव झाल्याचे खात्रीलायक कळते. नागरिकांनी सावध राहावे.' खात्रीलायक! मी कुणाला विचारलं होतं? कुणालाही नाही. पण आमच्या सदरात हा शब्द मिठासारखा पडायचा. घातला नाही तर बातमी अळणी वाटे. मामांनी ती वाचलीसुद्धा नाही. माझी होती ना! मुद्रितात मी दोन वेलांट्या सुधारल्या आणि शनिवारी अंक निघाला. पहिल्या पानावर श्रीमंतांची बंद दारे, तिसऱ्या पानावर माझ्या तीन ओळी.

वाचनालयात मुख्य पंचांनी अग्रलेख खणखणीत आवाजात वाचला. म्हणे 'वाहवा' झाली. मग त्यांनी पान उलटलं. सोमवारी धर्मशाळेला निरोप गेला: येत्या शनिवारच्या आत खोल्या रिकाम्या करा. तोंडचं पाणी पळालं असेल त्या माणसांच्या. आणि मी त्या दिवशी शाळेत मुलींना 'नेहमी खरे बोलावे' हा कित्ता गिरवायला देत होते.

मंगळवारी दुपारी आमच्या आळीतली सुईण छापखान्यात शिरली. ही बाई म्हणजे अर्ध्या गावाला जगात आणलेली. मलाही तिनेच आणलं होतं, त्यामुळे माझ्याशी बोलताना तिला कुणाची भीड नव्हती.

"काय गो, तुझ्या मामान काय लिवलान पेपरात? देवी? कोणाला देवी? मी सवता नाळ कापलीय त्या पोरीची! आठ दिस झाले नाय अजून!"

"कुठल्या पोरीची?" मी विचारलं.

"त्या रंगूनवाल्या सुनेची. धरमशाळेत बाळत झाली ती. दाराला कडुनिंब मीच बांधलाय. आता शनवारी तिला रस्त्यावर काढतायत. वली बाळतीण, आणि ही थंडी. तुझा मामा शिकलेला ना? बाळतिणीचा कडुनिंब वळखत नाय?"

बाळंतिणीच्या खोलीलाही आम्ही कडुनिंबच बांधतो. उंबऱ्याच्या आत गोमूत्राची वाटी असते. येणाऱ्याने डहाळीने ते पायांवर शिंपडायचं आणि मग आत जायचं. ती वाटी पाहायला उंबऱ्यापाशी तरी जावं लागतं. मी अंगणातूनच पळाले होते.

"मामांनी नाही लिहिलं," मी म्हणाले. "मी लिहिलं."

सुईणीने माझ्याकडे असं पाहिलं की तिने मला जगात आणल्याचा तिला पस्तावा झाला असावा. मी मुद्रितं तशीच टाकली आणि तिच्याबरोबर गेले.

या खेपेला मी उंबऱ्यापाशी वाकले, पायांवर गोमूत्र शिंपडलं आणि आत गेले. कोपऱ्यात शेगडी, जुन्या लुगड्याच्या झोळीत मूठभर मुलगी, बाजेवर तिची आई. वयाने माझ्याहून लहान. डोळे रडून सुजलेले. म्हातारी तिची सासू. तिने मला लगेच ओळखलं. मी काही बोलायच्या आत तिने माझ्या हातावर गूळखोबरं ठेवलं.

"त्या दिशी ह्याच घेयाला बोलवत होतंय तुमाला," ती म्हणाली. "दारातनं परत कशापायी गेलाव?"

मला अतिशय लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. ती बातमी मीच लिहिली, हे मी तिथेच सांगितलं. सून भिंतीकडे वळली. सासूने झोळीला एक झोका दिला. मग म्हणाली, "तुमी लिवलंव, तर तुमीच पुसा."

मी तडक मामांकडे आले. आजच्या आज जादा पत्रक काढून चूक कबूल करायची, म्हणाले. मामांनी चष्मा काढला.

"अगो, शनिवारच्या अंकात घालू की. चौथ्या पानावर, खाली."

"शनिवारी ती बाई रस्त्यावर असेल. तिला तुमचं चौथं पान काय पांघरायला द्यायचं?"

"आणि पत्राची अब्रू? एकदा चूक झाली म्हटलं की लोक मागचं सगळं खोटं धरतील. एवढा जीव तोडून मी त्या निर्वासितांबद्दल लिहितोय, त्यावर मग कोण विश्वास ठेवील?"

हा युक्तिवाद पोकळ नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला. "मामा, तुम्ही तिकडच्या श्रीमंतांना विचारता, दार का लावलंत? त्यांनाही कुणीतरी असंच खात्रीलायक कळवलं असेल. ही माणसं रोग आणतात, ही चोर आहेत, यांच्यापासून सावध राहा. कुणी माझ्यासारखं अंगणातून बघून लिहिलं असेल. आणि मग कुणी तुमच्यासारखं म्हणालं असेल, घालू चौथ्या पानावर!"

"तोंड फार सुटलंय तुझं."

"सुटू दे. पत्रक निघेपर्यंत तुमच्या अग्रलेखाचं मुद्रित मी तपासणार नाही. बंद दारं तुमची तुम्ही वाचा."

बुधवारी मी शाळेतून परस्पर धर्मशाळेत गेले आणि तिथेच बसले. ज्या खोलीत देवी आहेत असं मी छापलं, त्या खोलीत मला गावाने बसलेलं पाहावं, एवढंच मनात होतं. जाणारे-येणारे थबकून बघत. मी दार सताड उघडं ठेवलं आणि पोरीला मांडीवर घेऊन उजेडात बसले. कुणी कुजबुजलं की हाक मारून सांगायची, "या, बघा, अंगावर एक फोड दाखवा." शाळेतल्या बाईंच्या आवाजात सांगितलं की माणसं ऐकतात, पण आत मात्र कुणी आलं नाही. मुख्य पंचांकडेही गेले. ते म्हणाले, "छापून आलंय ना? मग छापूनच येऊ द्या." एवढं मात्र त्यांचं बरोबर होतं.

गुरुवारी सकाळी शाळेला रजा टाकून मी पुन्हा तिथे बसले होते, आणि आता दार लावून घ्यावं की काय अशा विचारात होते, तर अंगणात मामा. धोतराचा सोगा हातात, चष्मा नाकाच्या टोकावर. उंबऱ्याशी वाकले, चाचपडत डहाळी शोधली, पायांवर शिंपडलं आणि आत येऊन घोंगडीवर बसले. पोरीकडे खूप जवळून पाहिलं, एखादं बारीक अक्षराचं मुद्रित पाहावं तसं. म्हातारीने त्यांच्याही हातावर गूळखोबरं ठेवलं. मामांनी ते खाल्लं, आणि डोळे पुसले. मग मला म्हणाले, "चल. जुळाऱ्याला थांबवून ठेवलाय."

पत्रक त्यांनी स्वतः लिहिलं. मोठ्या खिळ्यांत मथळा: 'आमची चूक'. खाली लिहिलं की धर्मशाळेत देवी नाहीत, बाळंतीण आहे. आमच्या पत्राने चौकशी न करता खोटी बातमी दिली. या गावाकडे आणखी चार खोल्या रिकाम्या असताना आम्ही एका ओल्या बाळंतिणीच्या दाराला कडी लावत होतो, आणि तरी दुसऱ्यांना त्यांची दारं उघडायला सांगत होतो. शेवटी लिहिलं, 'चूक संपादकाची.' मी मुद्रित तपासताना तिथे अडले.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "तसं छापा."

"तू लिहिलंस, मी न वाचता छापलं," मामा म्हणाले. "मी युरोप बघत होतो. आता हात लावू नकोस त्या ओळीला."

संध्याकाळपर्यंत पत्रकं वाटली. वाचनालयात मुख्य पंचांनी पत्रक वाचलं, म्हणे मनातल्या मनात. शुक्रवारी त्यांनी निरोप मागे घेतला. मनापासून नव्हे, पण सुनेला पाठ टेकायला छप्पर राहिलं, तेवढं मला पुरे होतं. बरेच दिवस मामांना रस्त्यात लोक हसून विचारत, "काय संपादक, आज काय खात्रीलायक?" मामा थांबत आणि म्हणत, "खात्री करून सांगतो." त्या सदरात तो शब्द पुन्हा छापला गेला नाही. चारी कुटुंबं पाऊस संपेपर्यंत राहिली. पुरुषांना खाडीकाठी गलबतांच्या डागडुजीचं काम मिळालं, मग त्यांनी तिकडेच घरं केली.

इथे थांबले तर गोष्ट गोड होईल. पण पुढच्या वर्षी बाजारात एक बाई दुसरीला म्हणाली, "ती नव्हे का, देवी आलेल्या रंगूनवाल्यांतली." आमचं पत्रक त्या बोलणारीच्या घरी गेलं होतं, मी स्वतः टाकलं होतं. पुढे त्यांच्यातल्या एका मुलाचं लग्न ठरेना, तेव्हाही कुणीतरी तेच काढलं. तीन ओळी लिहायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. त्या पुसायला उरलेला जन्म लागेल, हे तेव्हा कळलं.

म्हणून मी एक ठरवून टाकलं. मामा गेले, साप्ताहिक बंद पडलं, माझेही केस पिकले. तरी अजून कुणाच्या तोंडून रंगूनवाल्यांच्या त्या देवीचं ऐकलं की मी हातातली पिशवी खाली ठेवते. समोरच्याला घाई असली तरी ऐकवते, अगदी पहिल्यापासून. बुधवार होता, मी अंगणातून बघितलं, म्हातारी आत बोलावत होती, मी गेले नाही. देवी नव्हत्या. मुलगी झाली होती.